घोटलेला उतार

धाकटी मागच्या दारी आली आणि पिशवी हातातच धरून उभी राहिली. उतारावर एकही वाट उरली नव्हती.

परवा ती रोपवाटिकेच्या कामानं परगावी गेली, तेव्हा घराच्या मागच्या पायरीपासून खाली ओढ्यापर्यंत सगळा उतार वाटांनी ओरखडलेला होता. पलीकडच्या वस्तीतून ओढ्यातल्या दगडांवरून येणाऱ्या शाळकरी पोरांची रुंद वाट, गळ टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्यांची काठाकाठानं गेलेली बारीक वाट, आणि सायकलींनी खोल पाडलेली एक, जिच्यात पाय मुरगळून तिचा थोरला दीर, दादा, महिनाभर लंगडला होता. आता तिथे नुसती जमीन होती. गवत खरवडलेलं, खाचा बारीक मातीनं भरलेल्या, त्यावर रोलर फिरवून पाणी मारलेलं. सकाळच्या उन्हात उतार नव्या भिंतीसारखा तुकतुकत होता. कडेनं खुंट्या ठोकून सुतळी ताणली होती आणि सुतळीला ठिकठिकाणी लाल चिंध्या बांधल्या होत्या.

काका, तिचे चुलतसासरे, पाइप धरून कडेला उभे होते. तिला बघून त्यांनी पाण्याची धार बाजूला वळवली.

"आलीस? बघ आता. वरून गोटी सोडलीस तर थेट ओढ्यात जाईल, कुठे अडखळायची नाही."

"काका, वाटा कुठे गेल्या?"

"बुजवल्या."

"सगळ्या?"

"मग एखादी ठेवतो की काय? माझं काम अर्धवट राहिलेलं कधी बघितलंयस?"

बघितलं नव्हतं. या घरातले पुरुष तीन पिढ्या गिलावा करत आले होते आणि त्यांत काकांचा हात सगळ्यांत साफ. भिंतीला तडा दिसला की त्यांची बोटं शिवशिवायची. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी चहा येईपर्यंत नखानं पोपडा उचकटून बघायचे. पण उतार ही काही भिंत नव्हती, आणि आज, याच सकाळी, पाहणीच्या बाई यायच्या होत्या.

धाकटीनं काकांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. तिथे काही वाचता येईना. कामावर खूश असलेला माणूस होता तो, एवढंच. की दुसऱ्याच कशावर खूश होता?

सासरे गेल्यापासून उतार आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, आणि काकांच्या नावावर होता, आणि त्याच उतारावरून दीर-भावजयींचं बोलणं वर्षभर 'जेवलात का' याच्या पुढे सरकलं नव्हतं. एक गोदामवाला विकत घ्यायला तयार होता, काकांना विकायचा होता. आईंना द्यायचा नव्हता, पण मग करायचं काय, तेही सांगता येत नव्हतं. धाकटीनंच ती योजना शोधून काढली. मोकळ्या जमिनी मोकळ्या राहाव्यात, लोकांना फिरायला, खेळायला मिळाव्यात, म्हणून सरकार अनुदान देत होतं. घराला जमिनीचा मोबदला मिळाला असता, गावाला बाग मिळाली असती. अट एकच, पण जड होती. जमीन कायमची सगळ्यांसाठी उघडी ठेवायची, तिथे कधीही काही बांधायचं नाही. घरात बरीच आदळआपट होऊन शेवटी ठरलं होतं, की अनुदान मिळालं तर बाग, नाही मिळालं तर गोदाम. त्यानंतर कोणी कुरकुर करायची नाही.

आणि ते मिळणं न मिळणं बरंचसं एका गोष्टीवर होतं. आज त्या जागेवर लोक येतात का, आणि ते दिसतं का.

"चहा घे जा," काका म्हणाले आणि धार परत उतारावर धरली.

*

स्वयंपाकघरात तिची जाऊ, थोरली, ओट्याला टेकून उभी होती. तिच्या नवऱ्याचे, म्हणजे दादाचे, हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले होते आणि तो ते धुवायचं सोडून बिस्किटं खात होता. आई रस्त्याकडच्या खिडकीशी बसल्या होत्या.

"बोल, चौकशी," थोरली म्हणाली. लग्न होऊन आल्याच्या आठवड्यात धाकटीनं या घराच्या सगळ्या खिडक्या रस्त्याकडेच का, मागे एकही का नाही, असं विचारलं होतं. तेव्हापासून तिचं ते नाव पडलं. "आधीच सांगते, मी त्यांना काही शिकवलेलं नाही. मला गोदामवाला बरा वाटतो हे मी तोंडावर सांगितलंय, मागून कशाला करीन? उलट माझाच माणूस ओढून नेला. दोन दिवस पुढे माझ्या दुकानात वह्यांचा माल उतरवायला कोणी नाही."

"काका म्हणाले रोलर धर, मी धरला," दादा म्हणाला. "मी लहानपणापासून तेच करतोय."

"दादा, तुम्हाला माहीत होतं ना आज कोण येणार आहे?"

"माहीत होतं. म्हणून तर घाई केली."

धाकटी आईंकडे वळली. "आई, तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं असेल." आईंनी तिच्याकडे बघितलं. "का केलं ते विचारलंस त्यांना?"

"नाही."

"तू नाही विचारलंस?" थोरलीनं डोळे मोठे केले. "तू? बरं वाटत नाहीये का?"

खरं म्हणजे धाकटीला विचारायची भीती वाटत होती. उत्तर 'हो, मुद्दाम केलं' असं आलं असतं तर त्यानंतर या घरात काकांच्या समोर बसून जेवायचं कसं, हे तिला कळत नव्हतं.

आईंचा एक नेम होता. रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेण्याआधी त्या उतारावरच्या दगडी कुंडीत पाखरांसाठी पाणी भरून यायच्या. आजार असो, पाऊस असो, त्यात खंड नव्हता. धाकटीची नजर त्यांच्या समोरच्या रिकाम्या कपाकडे गेली.

"आज कुंडी भरलीत?"

"भरली गेली," आई म्हणाल्या. "मी निघाले तर भावोजी म्हणाले, ओलं आहे वहिनी, थांबा. मग स्वतः फळी टाकून गेले, भरून आले. फळी उचलली, खालची जागा पुन्हा घोटली." त्यांनी पदर सारखा केला. "वर्षभरात एवढं बोलले ते माझ्याशी."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

*

पाहणीच्या बाई बुटक्या, उन्हानं रापलेल्या, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. त्यांनी पायरीवर उभं राहून उताराकडे बघितलं ते बघतच राहिल्या. चिमण्यांचा थवा कुंडीवर उतरला आणि उडाला, तेव्हा त्यांनी वही काढली.

"अर्जात म्हटलंय, इथे बरेच लोक येतात."

"येतात," धाकटी म्हणाली.

"कुठून?"

तिनं हात उचलला आणि गुळगुळीत मातीकडे बघून तसाच खाली घेतला.

"तुमचे फोटो बघितलेत मी. छान आहेत. पण फोटोवर गुण देता येत नाहीत. मागे एका ठिकाणी लोकांनी दुसऱ्याच टेकडीचे फोटो लावले होते, त्यावरून फार घोळ झाला. तेव्हापासून डोळ्यांनी दिसेल तेवढंच." बाईंचा आवाज मऊ होता, त्यामुळे ते आणखीच लागत होतं. "आणि ही सुतळी?"

"ओलं आहे," काका पुढे झाले. "पाय उमटतात."

"म्हणजे आज कोणी आलेलं नाही."

"कोण येईल? कोणाला येऊ दिलं तर ना." काकांनी हे अभिमानानं सांगितलं.

बाईंनी धाकटीकडे बघितलं. धाकटीनं जमिनीकडे.

"मला अजून दोन जागा बघायच्या आहेत, ओढ्याच्या वरच्या अंगाला. परतीचा रस्ता हाच आहे. उजेड असताना मी पुन्हा थांबेन आणि तेव्हा जे दिसेल ते लिहीन. त्याहून जास्त मला काही करता येणार नाही."

त्या वळल्या तसे काका म्हणाले, "एक विचारू का? हे जे कायमचं म्हणता, ते कायमचं म्हणजे किती?"

"त्यात आकडा नाही, काका. कायमचं म्हणजे कायमचं."

"मी गिलावा केला की मालक विचारतो, किती वर्षं टिकेल. मी सांगतो, वीस धरा, नीट पाणी मारलंत तर पंचवीस. कायमचं असं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आणि सही मात्र त्याच्याखाली करायची."

बाई हसल्या नाहीत. "विचार करून करा," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

गाडीची धूळ खाली बसली. मग धाकटीला राहवेना.

"काका, मुद्दाम केलंत का?"

"काय मुद्दाम?"

"वाटा बुजवल्यात ते."

"मग काय झोपेत केलं? पाहुणी येणार म्हणालीस. बघून गुण देणार म्हणालीस. मग तिला ते खाचखळगे दाखवायचे? आमची आई पाहुणे यायच्या आधी आम्हा दोघा भावांना भिंतीशी उभं करायची. एकेक पोपडा काढून घोटल्याशिवाय जेवायला मिळायचं नाही. म्हटलं, पोरगी एवढी धडपडतेय, तर निदान जागा तरी बघण्यासारखी..." ते थांबले. तिच्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं असावं. "का? काय झालं?"

"त्या खाचखळग्यांनाच गुण होते, काका. लोक चालतात ते त्यावरूनच कळणार होतं."

काका पायरीवर बसले. पाइप हातातून सुटून पायांवर पाणी वाहू लागलं तरी त्यांना भान नव्हतं. दादानं जाऊन नळ बंद केला.

"हे मला कोणी बोललं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारायचं काम या घरात तुझ्याकडे आहे ना."

धाकटीला हसू आलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. वाईट वाटलं ते उताराचं होतं, पण हलकं वाटलं ते काकांचं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे तिला नवीनच होतं.

*

तोड दादानं काढली. "एवढंच ना? मग उतरू आणि चढू. मी, तू, ही. संध्याकाळपर्यंत हव्या तितक्या वाटा पाडून देतो. रोलर ओढण्यापेक्षा सोपं आहे."

"जोडे बदलत राहा मात्र," थोरली म्हणाली. "नाहीतर ती बाई म्हणेल, गावात एकच माणूस राहतो आणि त्याचा अंगठा बाहेर आलाय."

धाकटी उठली. सुतळीपर्यंत गेली, ती बोटानं खाली दाबून बघितली. वाटा तिला पाठ होत्या. कोणती कुठून निघते, कुठे मिळते. खोटं तरी कसं म्हणायचं याला? होतं तेच परत काढायचं. खोडलेली रेघ पुन्हा गिरवायची.

"नको," आई म्हणाल्या.

त्यांचा आवाज कधी चढत नसे, म्हणून सगळ्यांना थांबून ऐकावा लागे.

"आपल्यापैकी कोणी तिकडे पाऊल टाकायचं नाही. लोक येतात असं तू लिहिलंस ना? मग येतील. नाही आले तर आपलं लिहिणं चुकलं. आपल्या पायांनी उमटवून ते लोकांच्या नावावर कसं खपवायचं?" मग त्या हसल्या. "आणि मलाही बघायचंय गं, कोण येतं ते. इतकी वर्षं आपण रस्त्याकडे तोंड करून बसलो. दादा, पाट आण दोन. इथेच बसू."

आणि असं झालं, की ज्या घराला मागे खिडकी नव्हती त्या घरातली माणसं मागच्या पायरीवर ओळीनं बसली आणि स्वतःच्याच जमिनीकडे बघू लागली. आई आणि काका एका लांब पाटावर, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. दादा भिंतीला टेकून. थोरली येऊन-जाऊन, कारण दुकानाची घंटा ऐकायला तिला पुढे जावं लागत होतं. धाकटीनं नवऱ्याला फोन लावला. तो लांब पुलाच्या कामावर होता. सगळं ऐकून त्यानं नेहमीचं मत दिलं, "तुम्ही ठरवाल ते," आणि मग, "कोण कोण येतं ते मात्र मला कळव."

आधी एक बाई आली. ओढ्यातले दगड ओलांडून, काखेत गाठोडं घेऊन.

"ही कुठली?" आईंनी विचारलं.

"इस्त्रीचे कपडे पोचवते वाटतं," धाकटी म्हणाली. "रोज वर येते. पण वर येऊन पुढे कुठे जाते?"

बाई सुतळीशी थांबली. चपला काढायला वाकली, मग विचार बदलून सरळ झाली. इकडेतिकडे बघितलं. मग गाठोडं दुसऱ्या काखेत घेऊन मागे फिरली आणि लांबच्या रस्त्यानं चालू लागली.

मग सायकलवाला आला. त्यानं पुढचं चाक सुतळीला टेकवलं, "वा" असं काहीतरी म्हटल्यासारखी मान हलवली आणि सायकल वळवली. गळवाला म्हातारा तर पाठीवर हात बांधून चांगला वेळ उभा राहिला, एखाद्याच्या नव्या घराकडे बघावं तसा, आणि समाधानानं परत गेला.

 लोक येत होते. येत होते आणि परत जात होते.

दुकानाची घंटा वाजली. थोरली गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

"खाकी कागद न्यायला एक बाई आली होती. घामाघूम. म्हणाली, तुमची मागची वाट बंद झाली का हो? मोठ्या रस्त्यानं वळसा घालून आले, आता एवढ्यासाठी परत नाही यायची."

"तुझी गिऱ्हाइकं उतारावरून येतात?" दादानं विचारलं.

"मला काय माहीत? मी पुढच्या दारात बसते. समोर माणूस दिसला की विचारते काय हवं. आलात कुठून, असं विचारत नाही, मी काय चौकशी आहे?" ती धाकटीशेजारी धपकन बसली. "कालपासून दुकानात चिटपाखरू नाही. मला वाटलं शाळेला सुट्टी आहे."

काही वेळ ती उताराकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "गोदामाला भिंत घालतात ना गं?"

"घालतात."

"उंच?"

"उंचच असणार, ताई."

थोरली उठली. घंटेसाठी पुन्हा उठायला नको म्हणून दुकानाचं दार ओढून आली आणि पाट आणखी पुढे सरकवून बसली.

*

लोक येऊन परत जाताना काकांनीही बघितलं होतं. आता ते सुतळीकडे बघत होते.

त्यांच्या सुतळीची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. एकदा त्यांनी एका घराची जमीन घोटली आणि दाराला सुतळी बांधली. घरमालक कामावरून आला, पावसात भिजत उभा राहिला, हात जोडले. काकांनी त्याला रात्रभर शेजारी झोपायला पाठवलं. काकांनी घोटलेल्या जागेवर वाळायच्या आधी कोणी पाय दिला असं या गावात झालं नव्हतं. त्यांची हाक दोन आळ्यांपलीकडे ऐकू जायची. "पाय देऊ नका."

"लाल चिंधी बघितली की शहाणा माणूस पाय देत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "मीच शिकवलंय सगळ्यांना."

ते उठले. कडेकडेनं गेले, खुंट्या उपटल्या, सुतळी गोळा करून मनगटावर गुंडाळली. तेवढ्यात शाळा सुटली. पोरांचा घोळका बोळातून मागच्या अंगाला आला, पायरीवर बसलेल्या एवढ्या माणसांकडे बघून जरा बिचकला आणि उताराच्या कडेशी थांबला. सुतळी नव्हती. तरीही कोणी पाऊल टाकेना. ती तुकतुकीत जमीनच जणू नको म्हणत होती.

काकांनी घसा साफ केला. धाकटीला वाटलं, सवयीनं ओरडतात की काय.

"पाय द्या," काका म्हणाले.

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"ओलं आहे, आजोबा," पुढची मुलगी म्हणाली. "ठसे उमटतील."

"उमटू देत. रोज जाता तसे जा. मी काही बोलणार नाही."

मुलीनं एक पाऊल टाकलं, मागे वळून ठशाकडे बघितलं, आणि मग सगळी पोरं सुटली. काकांनी डोळे मिटून घेतले. पहिल्या ठशांना त्यांचा चेहरा दुखल्यासारखा झाला. आईंनी ते बघितलं आणि मधली रिकामी जागा थोडी कमी करून बसल्या.

त्यानंतर मात्र रीघ लागली. पोरांचे ठसे बघून सायकलवाला परत आला. गळवाला आला. गाठोडेवाली बाई रिकाम्या हातानं घरी जाताना आली, या वेळी थांबली नाही. ओल्या मातीवर रेघा उठत गेल्या. जुन्या वाटा जिथे होत्या तिथेच. कोणी दाखवत नव्हतं, खाली काही दिसत नव्हतं, तरी पायांना ठाऊक होतं. सगळे बघत होते. थोरली तर, "अगं, हा माझ्याकडून पेनं नेतो," "ही बघ, हिची उधारी आहे," असं एकेकाला ओळखत होती.

धाकटीला दिसलं ते मात्र दुसरंच होतं. पोरांची रुंद वाट सरळ खाली जात होती, आणि मध्येच, उताराच्या ऐन मध्यावर, डावीकडे वळत होती. अर्धगोल वळून पुन्हा होती तिथे येऊन सरळ जात होती. पुढच्या मुलीनं तो वळसा घेतला. मागच्यांनी घेतला. गाठोडेवालीनं घेतला. वळशाच्या आत गुळगुळीत माती तशीच राहिली होती, एकही ठसा नसलेली.

"दादा, तिथे काय आहे?"

"काही नाही. मी स्वतः रोलर फिरवलाय. खडासुद्धा नाही."

"मग सगळे वळतात का?"

दादानं बघितलं. डोकं खाजवलं. "आधीपण वळत होती का वाट?"

वळत होती. धाकटीला फोटोतलं ते वळण आठवलं. गवतात ते कधी जाणवलं नव्हतं. गवत होतं, झुडपं होती, वाट कुठेही वळते. पण आता मोकळ्या मातीवर ते वळण उघडं पडलं होतं आणि त्याला काही कारण नव्हतं. तिनं आईंकडे बघितलं. आईंची नजर नेमकी त्या कोऱ्या गोलावर होती.

"आई?"

"बघ तू अजून," आई म्हणाल्या.

*

बाई आल्या तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पायरीवर थांबल्या, ठशांनी भरलेल्या उताराकडे बघितलं, मग ओळीनं बसलेल्या माणसांकडे. सगळ्यांच्या चपला त्यांनी नीट बघून घेतल्या. चपला कोरड्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, आणि ते बघणं बरोबरच आहे असं धाकटीला वाटलं. तिनंही बघितल्या असत्या.

मग त्या उतरल्या. धाकटी, आई आणि काका मागून गेले. बाई ठशांच्या शेजारून चालत होत्या, मध्येच वाकून बघत होत्या. छोटे बूट, चाकांची रेघ, अनवाणी पाय. मध्यावर येऊन थांबल्या.

"इथे का वळतात?"

धाकटीनं मान वर केली. तिचाच प्रश्न.

"तिथे झाड होतं," आई म्हणाल्या. "मोठं. दोघांनी हात धरले तरी मिठीत यायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला या घरातलं पहिलं काही आवडलं असेल तर ते. वादळात पडलं."

"कधी?"

आईंनी काकांकडे बघितलं. काकांनी उत्तर दिलं.

"हा आमचा दादा रांगत होता तेव्हा. बुंधा मीच काढला. खड्डा मीच भरला. कोणाला कळायचं नाही असा भरला." ते त्या कोऱ्या गोलाकडे बघत होते. "आज गेलेली पोरं तेव्हा कुठे होती? त्यांचे आईबापच शाळेत जात असतील."

"मग त्यांना कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पुढचा वळतो म्हणून मागचा वळतो."

बाईंनी पुन्हा वही काढली. मग वहीत बरंच काही लिहिलं, लिहिताना एकदा वर बघितलं आणि पुन्हा लिहिलं.

"वाट सरळ पाडली असती आम्ही," मागून थोरलीचा आवाज आला. तीही खाली आली होती.

"काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"गुण मी देते, मंजुरी समिती देते," बाई वही मिटत म्हणाल्या. "वेळ लागेल. मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही. पण मी जे बघितलं ते सगळं लिहिलंय. वळणसुद्धा." त्या काकांकडे वळल्या. "तुमची संमती मात्र लागेल. घाई नाही."

धाकटीला वाटलं, काका पुन्हा विचारतील, कायमचं म्हणजे किती. काकांनी मनगटावरची सुतळी सोडली, नीट गुंडी केली, खिशात टाकली.

"सही कुठे करायची?" त्यांनी विचारलं. "आणि वहिनी, तुम्ही आधी करा. तुम्ही थोरल्या."

आईंनी घराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "वर चला. चहा घेऊन करू. सकाळपासून तुम्ही काही घेतलं नाहीत, मी बघितलंय."

सगळे वर निघाले. बाई, थोरली, मागून आई आणि काका, काहीतरी बारीक आवाजात बोलत. चौघांनीही त्या जागी वळसा घेतला. रबरी बूट घातलेल्या बाईंनीसुद्धा.

धाकटी एकटी मागे राहिली. तिला बघायचं होतं. ती वळणाशी उभी राहिली आणि मधल्या कोऱ्या मातीकडे तोंड केलं. काही नव्हतं तिथे. सरळ गेलं तर चार पावलांत पलीकडे. तिनं पाय उचलला, तो तसाच अधांतरी धरला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला.

मग तीही वळून गेली. पायरीपाशी पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं, की ते झाड कसलं होतं हे कोणी सांगितलंच नाही. ती दोन-दोन पायऱ्या चढत आत पळाली.